कमी पाण्याचे झाड

लॅव्हेंडरला पाणी फार लागत नाही असे वाचून आम्ही गेल्या पौषात शाळेच्या बागेत त्याची बारा रोपे लावली. बडोद्याचा उन्हाळा कडक; थोडक्या पाण्यावर जगणारे सुवासिक झाड कोणास नको? दुपारची सावली मिळाल्यामुळे रोपांनी वैशाख निभावून नेला. पुढे आषाढ लागला, आणि महिन्याभरात नऊ रोपांनी माना टाकल्या. कमी पाण्याचे झाड पाण्यानेच मेले!

असे का व्हावे? या झाडाचे माहेर भूमध्य समुद्राकाठचे खडकाळ, चुनखडीचे उतार. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. अरुंद, करडी, लवदार पाने ओलावा जपतात. मुळांना मात्र मोकळी हवा हवी असते. आपल्याकडे उष्मा आणि पाऊस एकदमच येतात, आणि काळी चिकण माती पाणी धरून ठेवते. मग बुरशी लागून मुळे कुजतात. पाने मरगळलेली दिसताच आम्ही पावसाळ्यातही तांब्याने पाणी घालत होतो, हे सांगावयास लाज वाटते.

जम्मूकडे भद्रवाहच्या थंड डोंगरउतारांवर कित्येक शेतकऱ्यांनी मक्याऐवजी लॅव्हेंडर लावले आहे. तेथील हवा आपण कोठून आणणार? पण याच कुळातील एक रानटी बहीण दख्खनच्या कोरड्या माळांवर आढळते. शास्त्रज्ञ तिला लॅव्हेंडुला बायपिनाटा म्हणतात. ती पावसाबरोबर उगवते, पाऊस सरता फुलते आणि बी टाकून वाळून जाते. उन्हाळ्याशी झुंजण्याची पाळीच येऊ देत नाही.

उरलेली तीन रोपे आम्ही मातीच्या कुंड्यांत हलविली. तळाच्या भोकावर खापऱ्या, वर निम्मी माती, निम्मी भरड वाळू व विटांचा चुरा, आणि चिमूटभर चुना. शेणखत जवळजवळ नाहीच. नवे रोप रुजेपर्यंत नियमित पाणी द्यावे. त्यानंतर दोन बोटे खोल माती कोरडी लागली तरच. फुले सरल्यावर हिरवे शेंडे तेवढे छाटावेत. जून लाकडापर्यंत कापल्यास तेथून पुन्हा सहसा फुटत नाही. पावसाळ्यात कुंड्या उजेडाच्या व्हरांड्यात राहतात. येणारेजाणारे दयेने पाणी ओततात, म्हणून तेथे आम्ही पाटी लावली आहे: ‘विचारल्यावाचून पाणी घालू नये.’