एका ओळीची स्क्रिप्ट शेअर करताना 'उस्मानाबादी शेळी' का आठवावी?

2023 मध्ये उस्मानाबादचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. समजा, तुमच्या संगणकात जुन्या नावाच्या शेकडो फाइल्स आहेत. एकेक उघडून नाव बदलायचे तर दिवस जाईल. 'सेड' ही कमांड तेच काम एका ओळीत करते. 1970च्या दशकात बेल लॅब्समध्ये तयार झालेले हे साधन लिनक्स आणि मॅकवर आजही मिळते.

ही ओळ मित्राला पाठवली, तर त्याचाही वेळ वाचतो. पण त्याने ती डोळे झाकून चालवली, तर 'उस्मानाबादी शेळी'ची 'धाराशिवी शेळी' होईल! शेळीच्या जातीचे नाव मात्र उस्मानाबादीच आहे. म्हणून आधी फाइल्सची प्रत ठेवा, एका फाइलवर करून बघा.

डॉटफाइल्स म्हणजे काय?

कमांडची टोपणनावे, एडिटरची मांडणी अशी तुमची सेटिंग्ज या फाइल्समध्ये असतात. नावाची सुरुवात टिंबाने होत असल्याने त्या एरवी यादीत दिसत नाहीत. अनेकजण त्या गिटहबवर ठेवतात. नवा संगणक घेतला, की जुनी घडी लगेच बसते आणि इतरांनाही शिकायला मिळते.

धोका कुठे?

याच फाइल्समध्ये कधी पासवर्ड किंवा एपीआय की राहून जाते. नंतर फाइल काढली, तरी गिटच्या इतिहासात जुनी प्रत उरतेच. असे झाले तर आधी ती की रद्द करा आणि नवी घ्या. पासवर्ड असेल तर लगेच बदला. फाइल पुसणे त्यानंतर.