आवाज फुटतो म्हणजे काय होते?

आठवी-नववीच्या वर्गात एक प्रसंग दरवर्षी घडतो. गुरुजी एखाद्या मुलाला उभे राहून धडा वाचायला सांगतात. दोन ओळी नीट जातात आणि तिसऱ्या ओळीत त्याचा आवाज एकदम चिरकतो. वर्ग हसतो. तो मुलगा खाली बसतो आणि पुढे कित्येक महिने, उत्तर येत असूनही, हात वर करीत नाही. आमच्या केम गावात उत्तरेश्वराच्या देवळात भजनाला वरच्या पट्टीत साथ करणारा मुलगाही याच वयात मागे जाऊन बसतो. घसा बिघडला असे समजून घरचे त्याला हळदीचे दूध देतात. वस्तुतः घसा बिघडलेला नसतो. तो वाढत असतो.

तुणतुणे आणि गळा

तुणतुण्याची खुंटी पिळली की तारेचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. तार लांब केली की स्वर उतरतो. जाड तार लावली तरीही उतरतो. म्हणजे स्वराची उंची तीन गोष्टींवर ठरते : लांबी, ताण आणि तारेच्या एकक लांबीचे वस्तुमान. लांबी दुप्पट झाली तर दर सेकंदाला होणारी कंपने निम्मी होतात. ताण किंवा वस्तुमान बदलले तर मात्र फरक वर्गमुळाच्या प्रमाणात पडतो.

आपल्या गळ्यातील स्वरयंत्रात दोन मऊ पडदे असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. फुफ्फुसातून येणाऱ्या हवेने ते उघडझाप करतात व कंप पावतात. किशोरवयात मुलाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. त्यामुळे स्वरयंत्राची कूर्चा मोठी होते आणि गळ्याची घाटी पुढे दिसू लागते. स्वरतंतू लांब व जाड होतात.

आता थोडे गणित करू. स्वरतंतू सुमारे १० मिलिमीटरचे होते, ते १६ मिलिमीटर झाले असे धरा. ताण तोच राहिला तर २४० कंपनांचा आवाज २४० × १०/१६, म्हणजे १५० कंपनांवर येईल. पण पुरुषाचा आवाज साधारण १२० च्या आसपास असतो. उरलेली घट कशामुळे? जाडीमुळे. १५० वरून १२० वर येण्यासाठी एकक लांबीचे वस्तुमान (१५०/१२०)², म्हणजे सुमारे दीडपट व्हावे लागते. स्वरतंतू ही काही खरी तार नव्हे. ते अनेक थरांचे असतात. त्यामुळे हे गणित ढोबळच आहे. तरी दिशा बरोबर दाखवते. २४० चे १२० झाले म्हणजे आवाज बरोबर एक सप्तक खाली आला.

मुलींचे स्वरयंत्रही वाढते, पण कमी. त्यांचा आवाज पेटीवरच्या दोन-तीन पट्ट्यांनीच उतरतो. म्हणून तो बदल कोणाच्या लक्षात येत नाही.

मग चिरकतो का?

आवाज नुसता उतरला असता तर कोणी हसले नसते. अडचण अशी की स्वरतंतूंना ताण देणारे स्नायू आणि त्यांना हुकूम देणारा मेंदू यांना जुन्या, आखूड तंतूंची सवय असते. वाद्य बदलले, पण वाजवणाऱ्याचा हात जुनाच! नेहमीइतका ताण दिला की नव्या तंतूंचे कंपन एका प्रकारातून एकदम दुसऱ्या प्रकारात उडी मारते. तीच चिरक. काही महिन्यांत मेंदू नवे माप शिकतो व आवाज स्थिर होतो.

किशोरवयाचे मर्म इथे कानांनी ऐकू येते : शरीराचे सगळे भाग एका वेळी वाढत नाहीत. हातपाय आधी लांबतात, धड मागून. मुलींची उंची सरासरीने मुलांच्या दोनेक वर्षे आधी झपाट्याने वाढते. मेंदूतही भावनांना उधाण आणणारे भाग लवकर जोर धरतात. तर विचारपूर्वक आवर घालणाऱ्या, कपाळामागच्या भागाची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालते. त्यामुळे मित्रांचे हसणे याच वयात फार लागते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, वाढीच्या वेगांतली तफावत आहे.

आवाज आणि अन्न

आवाज कधी फुटतो हे अन्नावरही अवलंबून असते. जर्मनीतील लाइपझिग येथे संगीतकार बाख १७२३ ते १७५० या काळात मुलांचे गायनवृंद सांभाळीत होता. तिथल्या नोंदी अभ्यासून डॉ या संशोधकाने १९७० साली दाखवले, की त्या काळी मुलांचे आवाज सरासरीने साडेसोळा ते सतराव्या वर्षी फुटत. आणि १७४० नंतरच्या युद्धकाळात ते आणखी लांबले. आज हा बदल तेरा-चौदाव्या वर्षीच दिसतो.

शरीर असे लवकर मोठे होत असताना समाजाने मात्र मोठेपणाची वेळ पुढे नेली. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचे किमान वय मुलीसाठी १४ व मुलासाठी १८ ठरवले; १९७८ साली ते १८ व २१ झाले. अठरा ते पंचविशीच्या या मधल्या काळाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली 'उमलती प्रौढावस्था' या अर्थाचे नाव दिले. ही सवड शिकण्यासाठी, चुकण्यासाठी, स्वतःला ओळखण्यासाठी असते. दहावीनंतर लगेच मजुरीला जाणाऱ्या मुलाला किंवा बोहल्यावर चढवलेल्या मुलीला ती मिळत नाही.

कुमार गंधर्वांचे उदाहरण पाहा. लहानपणी ते थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिकांतले गाणे हुबेहूब गात. १९३६ साली, अकरा-बारा वर्षांचे असताना, त्यांनी मुंबईची मैफल जिंकली. त्यानंतर आवाज बदलण्याची ती सारी वर्षे त्यांनी प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकण्यात घालवली. ज्या गायकीसाठी आज आपण त्यांना ओळखतो, ती नक्कल नव्हे, त्यांची स्वतःची आहे.

शिक्षकांनी या वयातल्या मुलाला वाचायला जरूर उठवावे, पण वर्गाला हसू देऊ नये. मुलांनी ओरडून आवाज ताणू नये. गाणे सोडू नये, पट्टी खाली घ्यावी. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला, किंवा मुलाला चौदा वर्षे उलटूनही वाढीची काहीच चिन्हे दिसली नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे.

करून पाहा : दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सहज आवाजात 'आ' म्हणा आणि तो पेटीच्या कोणत्या पट्टीशी जुळतो ते वहीत लिहा. वर्षभराच्या नोंदींचा आलेख काढा. तो सरळ रेषेत उतरतो की पायरीपायरीने? वर्गातल्या दोन मुलांचे आलेख सारखे येतात का?