जुन्या पद्मिनीचे इंजिन बांधताय? खोलण्यापूर्वी हे ठरवा

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत खासगी पद्मिनी मात्र अजूनही अधूनमधून दिसते. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तर इंजिन बांधावे लागते आणि इथेच उत्साहाच्या भरात चुका होतात. त्या कशा टाळाल?

इंजिन खरेच खोलायला हवे का?
आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासा. एखाद्यात दाब कमी आला, तर स्पार्क प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला, तर रिंग-पिस्टन झिजले आहेत. तेवढाच राहिला, तर दोष बहुधा वॉल्व्हमध्ये असतो. मग फक्त हेड उतरवून काम भागू शकते.

बोअरिंग केल्याने ताकद वाढते का?
फारशी नाही. पद्मिनीचा बोअर ६८ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी, म्हणजे १,०८९ सीसी. बोअर अर्धा मिमी वाढवला, तरी इंजिन जेमतेम १,१०६ सीसीचे होते. त्यामुळे बोअरिंग झीज काढण्यापुरतेच करा. पिस्टन हातात आल्यावर त्यांच्या मापानेच लेथवाल्याकडे ब्लॉक द्या.

आपल्या रस्त्यांना काय मानवते?
घोडबंदर रोड असो वा शीळफाटा, गाडी बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगते. त्यामुळे वेगापेक्षा कमी आरपीएमवरची ओढ आणि थंड राहणारे इंजिन महत्त्वाचे.
• हेड गरजेपुरतेच घासा. जास्त घासल्यास कॉम्प्रेशन वाढते, इंजिन ठोके देते आणि तापते.
• रेडिएटर साफ करून घ्या. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट त्याच वेळी तपासा.
• रेसिंगचा कॅमशाफ्ट टाळा. त्याची ताकद वरच्या आरपीएमला मिळते, ट्रॅफिकमध्ये गाडी अडखळते.

आजच्या पेट्रोलचे काय?
देशात २००० पासून शिसेविरहित पेट्रोल आहे. जुन्या इंजिनांत वॉल्व्ह सीटची झीज शिशामुळे कमी होत असे. म्हणून हेड उघडलेच आहे, तर सीट कठीण धातूच्या आहेत का, ते पाहा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलही असते. त्याने जुने रबर खराब होते. फ्युएल पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचे किट इथेनॉल सोसणारे घ्या. कार्ब्युरेटर नव्याने ट्यून करून पीयूसी काढा.

आरटीओचा नियम काय?
आरसीवर इंजिन क्रमांक असतो. मूळ ब्लॉक वाचवता आला, तर कागदपत्रांची कटकट वाचते. दुसरे इंजिन बसवायचे असल्यास आधी आरटीओची परवानगी घ्या. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. मात्र त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला, तर तो हक्क जाऊ शकतो. शिवाय व्हिंटेज गाडी रोज वापरता येत नाही. रोज बाजारात न्यायची की जपायची, हे म्हणूनच आधी ठरवा.

काम झाल्यावर?
पहिले काही शे किलोमीटर गाडी पळवू नका, ओव्हरलोड करू नका. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट पुन्हा तपासून घ्या. घाट त्यानंतरच!