प्रथिनांची घडी आणि यंत्राची बुद्धी

हल्ली ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी ऐकू येतात. निबंध लिहून देणारे आणि गणिते सोडवून देणारे यंत्र, एवढाच तिचा परिचय आपल्यापैकी पुष्कळांना असतो. परंतु २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या कार्यासाठी देण्यात आले, त्यात या बुद्धिमत्तेने अगदी निराळी कामगिरी बजावली आहे. ती कामगिरी कोणती, ती यंत्राला कशी साधली आणि कोठवर साधली, हे या लेखात सांगावयाचे आहे.

अन्न पचविणे, रोगजंतूंशी झुंजणे, रक्तातून प्राणवायू वाहून नेणे ही शरीरातील कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक माळ होय. मण्यांचे प्रकार वीसच. पण वर्णमालेतील मोजक्या अक्षरांतून जसे असंख्य शब्द होतात, तशा या वीस मण्यांतून असंख्य माळा होतात. ही माळ सरळ राहत नाही. तयार होता होताच ती वळते, मुडपते आणि तिची एक ठरावीक आकाराची घडी बसते. प्रथिनाचे सारे कार्य या घडीवर अवलंबून असते. औषध हे बहुधा प्रथिनाच्या एखाद्या खाचेत जाऊन बसते. कुलूप पाहावयास मिळाले नाही तर किल्ली घडविणारा कारागीर काय करणार? औषध शोधणाऱ्याची अवस्था वर्षानुवर्षे तशीच होती.

एक मणी चुकला तर केवढा अनर्थ होतो, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. गडचिरोली, नंदुरबार या भागांतील आदिवासी बांधवांमध्ये ‘सिकलसेल’ हा आनुवंशिक आजार आढळतो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या १४६ मण्यांच्या एका माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फरक. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ साली तो शोधून काढला. या एका फरकामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून लांबच लांब तंतू होतात, गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि रोग्यास असह्य वेदना भोगाव्या लागतात.

प्रथिनाची घडी डोळ्यांनी दिसत नाही. त्याचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडावयाचे आणि पडद्यावर उमटलेल्या ठिपक्यांवरून आकार ताडावयाचा, अशी ही खडतर वाट. जॉन केंड्र्यू यांनी देवमाशाच्या स्नायूतील मायोग्लोबिनची घडी १९५८ साली उलगडली. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनचे काम १९३७ साली हाती घेतले आणि त्यांना त्याची घडी दिसली ती १९५९ मध्ये! या दोघांना १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास, १९६३ साली, मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माळेतील सांधे कोणकोणत्या कोनांतून वळू शकतात याचा एक नकाशा तयार केला. आजही प्रथिनाचा नवा आकार, मग तो प्रयोगशाळेतून आलेला असो की यंत्राकडून, या ‘रामचंद्रन आलेखा’वर तपासून घेतात. आपल्या पाठ्यपुस्तकांतून हे नाव अधिक ठळकपणे यावयास हवे होते, असे मला नेहमी वाटते.

घडीचा आराखडा माळेतील मण्यांच्या क्रमातच दडलेला असतो, हे ख्रिश्चन आन्फिन्सेन यांनी दाखवून दिले. त्यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मग केवळ क्रम वाचून घडी सांगता येईल काय? सायरस लेव्हिन्थल यांनी १९६९ साली यातील अडचण मांडली होती. माळेच्या शक्य तितक्या सर्व घड्या एकामागून एक तपासू म्हटले, तर विश्वाचे सारे आयुष्यही पुरणार नाही. निसर्ग मात्र हे कोडे बहुधा क्षणार्धात सोडवितो.

१९९४ पासून दर दोन वर्षांनी या प्रश्नाची जणू परीक्षाच घेतली जाते. नुकत्याच उलगडलेल्या पण अप्रसिद्ध ठेवलेल्या घड्या अभ्यासकांनी केवळ क्रमावरून ओळखावयाच्या असतात. २०२० च्या परीक्षेत लंडनच्या ‘डीपमाइंड’ या संस्थेच्या ‘अल्फाफोल्ड’ने शंभरांपैकी सुमारे ९२ गुण मिळविले. प्रयोगशाळेच्या तोडीस तोड असे हे उत्तर होते. या कामाचे धुरीण होते डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर.

यंत्राने हे कसे साधले? मी कलाशाखेचा पदवीधर, तेव्हा मला समजले ते पोथ्यांच्या भाषेत सांगतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील पंडितांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना निरनिराळ्या प्रांतांतील शेकडो हस्तलिखिते शेजारी ठेवून पाठभेद ताडून पाहिले. प्रथिनांचेही असेच पाठभेद असतात. एकच प्रथिन माणसात, घोड्यात, माशात किंचित बदललेले आढळते. माळेतील विसावा मणी बदलला की ऐंशीवा मणीही बदलतो, असे वारंवार दिसले, तर घडीत हे दोन मणी एकमेकांना लागून असावेत असे अनुमान निघते. अशी अनुमाने हे यंत्र लक्षावधी माळांवरून काढते. पण अनुमान बरोबर की चूक हे शिकावयास त्यास नमुने हवेत, आणि ते मिळाले प्रथिनांच्या आकारांच्या सार्वजनिक भांडारातून. हे भांडार अमेरिकेत १९७१ साली उघडले तेव्हा त्यात अवघे ७ आकार होते. २०२० पर्यंत ते १ लाख ७० हजारांच्या घरात गेले. त्यांतील एकेका आकारामागे कोणाची महिने, कोणाची वर्षे खर्ची पडली होती, आणि त्या सर्वांनी आपले फळ जगापुढे मोफत ठेविले होते. वर्तमानपत्रांतून यंत्राचे कौतुक वाचताना या अनामिकांचा उल्लेख क्वचितच सापडतो.

डीपमाइंडनेही आपले निष्कर्ष खुले केले. २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजी आकार कोणासही पाहता येऊ लागले. मलेरियाच्या परजीवीचा डासांतून होणारा प्रसार रोखणाऱ्या लसीसाठी ऑक्सफर्डचे संशोधक एका प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्यांना क्ष-किरणांनी अंधुक दिसणारा आकार अल्फाफोल्डच्या साह्याने स्पष्ट झाला. २०२४ च्या पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळालेले डेव्हिड बेकर उलट दिशेने गेले. निसर्गात नसलेली घडी आधी कल्पावयाची आणि मग तिला साजेशी माळ शोधावयाची! असे पहिले प्रथिन त्यांनी २००३ साली घडविले. पुढे त्यांच्या विद्यापीठात रचलेल्या प्रथिनकणांवर आधारलेल्या कोविडच्या एका लसीस दक्षिण कोरियाने २०२२ साली मान्यता दिली.

अल्फाफोल्डची मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. आकार सांगताना ते प्रत्येक मण्यापुढे शंभरांपैकी आकडा मांडते: येथे माझी खात्री इतकी, येथे इतकीच. उत्तरपत्रिकेत असे लिहिणारा विद्यार्थी मला अजून भेटावयाचा आहे! निबंध लिहून देणारी यंत्रे बहुधा असा आकडा देत नाहीत. खरे आणि खोटे ती सारख्याच सफाईने सांगतात, आणि निवड करण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते. ज्याला विषयाची काहीच ओळख नाही त्याने ती निवड कशी करावी, हा प्रश्न आम्हां शिक्षकांना सतावू लागला आहे.

अल्फाफोल्डलाही सारेच येते असे नाही. प्रथिने हलती असतात आणि ते देते ते बहुधा एक स्थिर चित्र. माळ टप्प्याटप्प्याने कशी वळते हेही ते सांगत नाही. आणि एखादा मणी बदलल्याने काय बिघडेल, याबाबत त्याच्यावर विसंबता येत नाही. सिकलसेलमध्ये तर एकट्या रेणूची घडी जवळजवळ पूर्वीसारखीच राहते. बिघाड होतो तो रेणू एकमेकांस चिकटल्यावर. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तीत आरोग्यसेवक गावोगावी जातात आणि मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो तपासतात.