फ्लॅटचा विमा : आधी कशाचा, मग कितीला?

टू-व्हीलरचा विमा कधी संपतो हे आपल्याला बरोबर ठाऊक असतं, कारण चौकात पोलीसमामा कागद मागतात. पण ज्या फ्लॅटसाठी आई-बाबा वीस-वीस वर्षं हप्ते फेडतात, त्याचा विमा आहे का, आणि असला तर नेमका कशाचा? हा प्रश्न मलाही गेल्या वर्षापर्यंत पडला नव्हता. पडला तो डोक्यावर पाणी पडल्यावर!

झालं असं, की आमच्या वरच्या मजल्यावरचे काका सहकुटुंब गावी गेले होते. रात्री त्यांच्या गीझरचा पाइप फुटला आणि पहाटेपर्यंत पाणी वाहत राहिलं. सकाळी आमच्या हॉलचं पीओपी खाली, प्लायवूडचं कपाट फुगलेलं आणि टीव्ही बंद. बाबा मात्र शांत. म्हणाले, "घाबरू नका, लोन घेताना बँकेनं विम्याचे पैसे कापून घेतलेत." फाइल काढली, पॉलिसी वाचली. ती निघाली बाबांच्या आयुष्याची! म्हणजे बाबांचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटेल, पण घराचं काही झालं तर एक रुपया मिळणार नाही. वरच्या काकांनी पीओपीचा खर्च दिला. बाकीचा आम्ही केला, तो माझ्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून. फी मग बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून भरली.

तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात तसं, मग घराची पॉलिसी शोधायचं काम माझ्याकडे आलं. सबमिशनच्या दिवसांत चार ठिकाणी फिरून जे कळलं, ते इथे मांडतो.

पहिला प्रश्न : बिल्डिंगचा विमा कोणी काढायचा?

महाराष्ट्रात फ्लॅटचे मुख्यतः दोन संसार असतात. एक सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हणजे आपली 'सोसायटी'. ती 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली येते. दुसरं 'अपार्टमेंट', 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्टखालचं. अपार्टमेंटमध्ये फ्लॅट तुमचा स्वतःचा आणि जिना, गच्ची, टाकी यांत तुमचा अविभक्त हिस्सा असतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आग आणि भूकंपापासून इमारतीचा विमा काढायला सांगितलंय, आणि त्याचा खर्च फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटला जातो. म्हणून आधी सेक्रेटरींना विचारा : "काका, बिल्डिंगची पॉलिसी आहे का? कितीची? चालू आहे का?" असेल तर झेरॉक्स मागा. कारण एकाच भिंतीच्या दोन पॉलिसी काढल्या म्हणून भरपाई दुप्पट मिळत नाही. विमा नुकसान भरून देतो, नफा नाही. आणि बिल्डिंगच्या पॉलिसीत तुमचा टीव्ही, कपाट, गादी येत नाही. त्याची सोय आपली आपण करायची.

दुसरा प्रश्न : किती रकमेचा?

इथे सगळ्यांची गफलत होते. फ्लॅट 40 लाखांना घेतला म्हणून विमाही 40 लाखांचा, असं नसतं. त्या किमतीत जमीन, लोकेशन आणि बिल्डरचा नफाही आला. जमीन काही जळत नाही! विमा असतो पुन्हा बांधायच्या खर्चाचा. हिशोब आपल्या फर्स्ट इयरच्या गणितापेक्षा सोपा आहे :

कार्पेट एरिया × बांधकामाचा दर

आमचा फ्लॅट 600 चौरस फूट. सिव्हिलच्या सरांनी अंदाजे दर सांगितला 2,200 रुपये. झाले 13 लाख 20 हजार. म्हणजे खरेदीच्या किमतीच्या एक तृतीयांश.

तिसरा प्रश्न : काय मिळतं, काय नाही?

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक संस्थेनं, म्हणजे आयआरडीएआयनं, घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी लागू केली. तिच्यात आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल आणि पाण्याच्या टाक्या किंवा पाइप फुटणे येतं. (हे शेवटचं वाचून बाबांनी कपाळावर हात मारला.) इमारतीचा विमा घेतला की तिच्या रकमेच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. त्यासाठी वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. आमच्या हिशोबात ते 2 लाख 64 हजार होतात. शिवाय विम्याची रक्कम दर वर्षी 10 टक्क्यांनी वाढते.

आणखी एक मोठा फायदा आहे. पूर्वी 20 लाखांच्या घराचा विमा 10 लाखांचाच काढला असेल आणि 4 लाखांचं नुकसान झालं, तर हातात 2 लाखच यायचे. निम्मा विमा, निम्मी भरपाई! या पॉलिसीत ही कपात होत नाही.

आता न मिळणाऱ्या गोष्टी. हळूहळू झिरपणारी ओल आणि जुनेपणामुळे होणारी झीज यात नाही. चोरी फक्त आग किंवा पुरासारख्या घटनेमुळे आणि त्यानंतर 7 दिवसांत झालेलीच धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दागिन्यांचंही तसंच. आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनो, ऐका : शॉर्ट सर्किटनं एखादं उपकरण बिघडलं तर त्या उपकरणाचे पैसे मिळत नाहीत, पण त्यातून आग लागून बाकी घर जळलं तर त्याचे मिळतात.

चौथा प्रश्न : कुठून घ्यायची?

मजा अशी, की मूळ मजकूर सगळ्या कंपन्यांचा सारखा असल्यामुळे तुलना करणं सोपं आहे. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आहेत, शिवाय खाजगीही बऱ्याच आहेत. मी एका कागदावर चार गोष्टी लिहिल्या : एरिया, दर, सामानाची रक्कम, मुदत. तोच कागद सगळ्यांना दाखवला आणि कोटेशन लेखी, जीएसटी धरून मागितलं. वेगवेगळ्या रकमांची कोटेशनं समोर ठेवली तर ती तुलना नव्हे. माझ्याकडे आलेल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग कोटेशनमध्ये जवळपास दुपटीचा फरक होता, तरी वर्षाचा हप्ता हजार रुपयांच्या आतच बसला! मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते. बँकेनं स्वतःच्या ओळखीची पॉलिसी पुढे केली, तर तीही याच कागदावर तपासा आणि विचारा : "ही घराची आहे की माणसाची?"

भाड्याच्या रूमवर राहणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, फक्त सामानाचा विमाही काढता येतो.

शेवटचा प्रश्न : वेळ आली तर?

फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत खराब वस्तू फेकू नका. खरेदीची बिलं मोबाइलमध्ये साठवून ठेवा. क्लेमवरून वाद झालाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातही आहे.

आपल्या सुदुंबऱ्यात एनडीआरएफची 5 वी बटालियन आहे. 30 जुलै 2014 ला माळीणवर दरड कोसळली, तेव्हा एनडीआरएफचे जवान चिखलात उतरून माणसं शोधत होते. संकटात माणूस वाचवायला ते धावून येतात. पण पाणी ओसरल्यावर भिंत पुन्हा उभी करायची, कपाट पुन्हा आणायचं, हे काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

आमची पॉलिसी आता फाइलमध्ये आहे, आणि बाबांनी तिच्यावर जाड मार्करनं लिहिलंय, 'घराची'. तेव्हा मित्रांनो, या शनिवारी घरी गेलात की जेवण झाल्यावर एवढंच विचारा : "बाबा, आपल्या लोनची फाइल कुठंय?"