वस्तूमागची युक्ती ओळखा

अंबरनाथचे शिवमंदिर पाहायला लांबून लोक येतात. इ. स. १०६० सालचा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर आहेही तसेच पाहण्याजोगे. पण त्याच अंबरनाथ तालुक्यात, बदलापूरच्या पुढच्या गावांत, पडवीत खुंटीला टांगलेल्या इरल्याकडे कुणी वळूनही बघत नाही. रोजची वस्तू, तिच्यात काय पाहायचं, असे आपल्याला वाटते.

खरीप तोंडावर आला की अवजारांची खरेदी सुरू होते. कुणी उल्हासनगरच्या बाजारातून आणतो, कुणी योजनेत अर्ज भरतो. विस्तार कामात गावोगाव फिरताना एक गोष्ट नेहमी दिसते. हौसेने आणलेले नवे अवजार एक हंगाम चालते आणि पुढे पडवीच्या कोपऱ्यात गंजत पडते. उलट बापजाद्यांची एखादी साधी वस्तू पन्नास वर्षे काम देते. असे का होते, हे समजले तर पैसा वाचेल आणि कामही हलके होईल.

दोन्ही हात मोकळे

इरल्याचेच घ्या. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी आणि मध्ये दाबून बसवलेली रुंद पाने, एवढेच त्याचे सामान. पण आकार पाहा. ते डोक्यावरून मागे पाठीवर उतरते. लावणी करणारी बाई तासन्‌तास वाकलेली असते, म्हणून तिची पाठ झाकायला हवी. छत्री उभ्या माणसाची. शिवाय ती एक हात अडवते. इरल्यात दोन्ही हात मोकळे राहतात आणि आत वाराही खेळतो. प्लॅस्टिकचा कागद स्वस्त आणि हलका खरा, पण वाऱ्याने उडतो आणि आत घाम धरतो, असे लावणीच्या बायाच सांगतात.

कमरेची आकडी तशीच. झाडावर चढताना कोयता हातात धरता येत नाही आणि धारेचे हत्यार खिशात ठेवता येत नाही. आकडी तो पाठीमागे अडकवून ठेवते. हात मागे नेला की मूठ सापडते, बघावे लागत नाही.

काडीत नाही, पेटीत आहे

अंबरनाथचा विम्को नाका सर्वांना ठाऊक आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या विम्को कंपनीचा काडेपेटीचा कारखाना इथे होता. कारखाना गेला, नाव उरले. आपण रोज काडी ओढतो, पण त्यातली युक्ती किती जणांच्या ध्यानात येते?

पूर्वीच्या काड्या कुठेही घासल्या की पेटत, त्यामुळे खिशातही पेट घेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनमध्ये यावर तोड निघाली. पेट घ्यायला लागणारा फॉस्फरस काडीच्या टोकातून काढला आणि पेटीच्या कडेला लावला. दोन्ही एकत्र घासल्याशिवाय आता आग होत नाही. यात मोठे यंत्र नाही, महाग माल नाही; फक्त एका पदार्थाची जागा बदलली.

उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा धंदा मोठा. त्या पॅंटच्या खिशाच्या कोपऱ्याला तांब्या-पितळेची बारीक टिकली ठोकलेली असते. ती शोभेची वाटते, पण मजुरांचे खिसे नेमके तिथेच फाटत म्हणून ती आली. अमेरिकेत जेकब डेव्हिस या शिंप्याने आणि लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याने १८७३ साली तिचे पेटंट घेतले. सगळा कपडा जाड करण्याऐवजी जिथे फाटतो तेवढीच जागा त्यांनी पक्की केली. पावसाळ्याआधी बांधाची डागडुजी करताना आपण तरी दुसरे काय करतो?

पाणीच दरवाजा उघडते

बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ७२.६० मीटरच्या पातळीला पोचले की ते आपोआप उघडतात. म्हणून तर धरण भरत आले की नदीकाठच्या गावांना आधी सावध करतात.

आता आपल्या खाचराकडे या. बांधात पाणी जायला जी वाट ठेवता, तिच्या तळाची उंची म्हणजेच खाचरातल्या पाण्याची पातळी. ती उंची नीट धरली तर फुटव्याच्या काळात साधारण ५ सेंटीमीटर पाणी उभे राहते आणि जादा पाणी आपसूक खालच्या खाचरात उतरते. रात्री पाऊस आला तरी कंदील घेऊन धावावे लागत नाही. तिथे सपाट दगड बसवला तर वाट खचत नाही आणि पातळीही ढळत नाही. धरण मोठे, खाचर लहान, पण दोन्हीकडे माणूस हजर नसतानाही काम होते.

दोरीवरच्या खुणा

भाताच्या चारसूत्री पद्धतीतली लावणीची दोरी पाहा. नायलॉनच्या दोरीवर एकाआड एक १५ आणि २५ सेंटीमीटरवर खुणा असतात. खुणेवर चूड लावत गेले की चार चुडांचा १५ सेंटीमीटरचा चौकोन तयार होतो. त्या चौकोनाच्या मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, म्हणजे ब्रिकेट, ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचायची. खत मुळांपाशी राहते, पाण्याबरोबर वाहून जात नाही. मधल्या २५ सेंटीमीटरच्या पट्ट्यात पाय टाकायला जागा मिळते. हिशेबही सोपा होतो. गुंठ्याला सुमारे ६३० गोळ्या, म्हणजे अंदाजे १ किलो ७०० ग्रॅम खत. अक्षरओळख नसलेल्या मजुरालाही ती दोरी अंतर चुकू देत नाही.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळाही असाच. तो दातेरी आणि हलका आहे, आणि कापणी जमिनीलगत होते. याचा फायदा दुहेरी. पेंढा जास्त मिळतो आणि खोडकिड्याच्या अळ्या धसकटात मागे राहत नाहीत. कापण्याच्या हत्याराने किडीचाही थोडा बंदोबस्त केला.

जुने ते सगळे सोने नव्हे

याचा अर्थ जुनेच धरून बसा असा नाही. कणगीला उंदीर भोक पाडतो, पत्र्याच्या कोठीला पाडत नाही. पण शेणामातीने सारवलेली कणगी थोडी ओल बाहेर सोडते, पत्रा सोडत नाही. म्हणून कोठीत भरायचे धान्य १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेलेच हवे. दाताखाली दाणा कटकन तुटला पाहिजे. कणगीचा गुण ठाऊक नसताना कोठी आणली की दाणा कुबट होतो आणि दोष मात्र कोठीला लागतो.

म्हणून कुठलीही वस्तू घेताना वा टाकताना तीन प्रश्न विचारा. ही नेमकी कुठली अडचण दूर करते? वापरणाऱ्याचे अंग, हात, उंची यांना ती जुळते का? मोडली तर गावात दुरुस्त होईल का? आणि घरातल्या बाईला विचारल्याशिवाय लावणी-निंदणीचे अवजार घेऊ नका. वाकायचे तिला आहे.

गावाने काय करावे

आपल्या भागात इमारती शेताच्या बांधापर्यंत येऊन ठेपल्या आहेत. जमीन गेली की अवजार जाते, अवजार गेले की ते घडवणारा हात थांबतो. इरली आणि कणग्या विणणारी माणसे आता मोजकी उरली आहेत, त्यांची पोरे कारखान्यात वा बांधकामावर जातात. ती विद्या कागदावर कुठेच नाही.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात खुर्च्या-टेबलांची नोंद असते. तशी एक वही या वस्तूंचीही ठेवावी. वस्तूचे नाव, माप, कशाची केली, कोण करतो आणि ती तशीच का केली, एवढे लिहिले तरी पुरे. शाळेतल्या मुलांना हे काम द्यावे, ती घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणतील. ग्रामसभेत पुढच्या वेळी अवजारांच्या मागणीची यादी करताना ती वही समोर असू द्या. वाटपात काय मागायचे आणि काय नको म्हणायचे, हे त्यातून गावालाच ठरवता येईल.