ग्वाटेमालात सकाळी निघावं

ग्वाटेमालाला जायचं म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तिथे गोळ्या घालतात ना?’ प्रश्न अगदीच निराधार नाही. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं या देशानं यादवी युद्ध सोसलं. मारले गेलेले आणि बेपत्ता झालेले मिळून दोन लाखांच्या घरात, आणि त्यांतले बहुसंख्य माया आदिवासी. युद्ध संपलं, पण शस्त्रं उरली आणि ती चालवायला शिकलेली माणसंही उरली. २००९च्या सुमारास खुनांचं प्रमाण लाख लोकसंख्येमागे ४५च्या आसपास गेलं होतं. पुढे ते उतरत गेलं आणि २०२० नंतर १५ ते १७च्या घरात आलं. भारतातलं प्रमाण तीनच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या मानानं हेही बरंच.

पण हा आकडा देशभर सारखा पसरलेला नाही. टोळ्यांची खंडणी आणि त्यापायी पडणारे मुडदे हा बराचसा ठरावीक वस्त्यांचा मामला आहे, आणि त्याचे बळी तिथले दुकानदार, बसचालक, कामगार असतात. पर्यटक ज्या वाटांनी जातो तिथे त्याच्यापुढचे धोके वेगळे आहेत: रस्ता, डोंगर, पाणी, पोट आणि खिसा. यांतले निम्मे तर वेळेशी बांधलेले. सकाळी जी गोष्ट बिनघोर करता येते, तीच दुपारनंतर अंगाशी येऊ शकते.

सुरुवात राजधानीपासून. ग्वाटेमाला सिटी ‘सोना’ नावाच्या क्रमांकांच्या विभागांत वाटलेली आहे. ला आउरोरा विमानतळ १३ नंबरमध्ये, चांगली हॉटेलं आणि वकिलाती बव्हंशी १० नंबरमध्ये, जुना चौक, राजवाडा आणि कॅथीड्रल १ नंबरमध्ये. १ नंबर दिवसा बघावा, अंधार पडायच्या आत सोडावा. १८ नंबर आणि शहराला लागून असलेलं व्हिया नुएवा या नावांच्या वाटेला जायचं कारण नाही. परदेशी सरकारांच्या प्रवाससूचनांत ती नेमानं येतात. म्हणून पत्ता विचारताना रस्त्याच्या नावाबरोबर सोनाचा क्रमांक विचारायलाच हवा. तेच रस्त्याचं नाव दुसऱ्या सोनातही असतं आणि गाडी भलतीकडे जाते. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवू नये. उबर इथे नीट चालते, नाहीतर हॉटेलला गाडी बोलवायला सांगावं. एटीएम बँकेच्या किंवा मॉलच्या आतलं, तेही दिवसाउजेडी. कार्डाची नक्कल करणारी यंत्रं रस्त्यावरच्या एटीएमना लावण्याचा धंदा जुना आहे. आणि कुणी खरोखरच धाक दाखवून फोन मागितला, तर देऊन टाकावा. तिथे शौर्य दाखवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

बहुतेक प्रवासी राजधानीत न थांबता थेट अँटिग्वा शहर गाठतात, आणि माझ्या मते बरोबरच करतात. अंतर सुमारे ४० किलोमीटर, पण वाहतूक तुंबली की दोन तास सहज जातात. म्हणून रात्री उशिरा उतरणारं विमान असेल तर ती रात्र विमानतळाजवळ काढावी. देशातला एकच नियम पाळायचा म्हटलं तर तो हा: शहराबाहेरच्या रस्त्यावर अंधारात असू नये. लुटारूंची भीती त्यात आहेच. त्याहून मोठी भीती दिवे नसलेले ट्रक, दरडी, अचानक येणारे गतिरोधक आणि झोप न झालेले ड्रायव्हर यांची. तिकालचे पिरॅमिड पाहायला उत्तरेला फ्लोरेसला जायचं तर रात्रभराची बस स्वस्त पडते. तरी मी म्हणेन विमान घ्या, तासाभरात पोचवतं.

रस्त्याचा विषय निघाला की ‘कामियोनेता’ टाळता येत नाही. अमेरिकेतल्या शाळांनी मोडीत काढलेल्या पिवळ्या बस इथे येतात. त्यांना लाल-हिरवे पट्टे, चकचकीत क्रोम आणि टपावर सामानाचा कठडा मिळतो, कपाळावर देवाचं नाहीतर मालकाच्या मुलीचं नाव येतं. दोन शाळकरी पोरांसाठी बनवलेल्या बाकावर तीन मोठी माणसं बसतात. तिसऱ्याचं अर्धं अंग मधल्या वाटेवर अधांतरी असतं. पलीकडच्या बाकावरचा तिसराही तसाच, आणि दोघं एकमेकांच्या खांद्याला रेटून वळणं काढतात. ‘आयुदान्ते’ म्हणजे क्लीनर. तो चालत्या गाडीच्या मागच्या दारातून बाहेर पडून शिडीनं टपावर चढतो, पुढच्या थांब्यावर उतरणाऱ्याचं गाठोडं सोडवतो, परत आत येतो, आणि त्या गर्दीत कुणाचे पैसे राहिलेत ते बिनचूक लक्षात ठेवतो. बघण्यासारखा प्रकार आहे. पण याच बसचालकांकडून टोळ्या खंडणी उकळतात आणि न देणाऱ्यांवर गोळीबारही झालेत. अमेरिकेच्या वकिलातीनं आपल्या कर्मचाऱ्यांना या बसमध्ये चढायला मनाई केली आहे. इतकं कडक व्हायची गरज मला वाटत नाही. दिवसाढवळ्या अँटिग्वाहून शेजारच्या गावापर्यंत जाऊन यावं, पिशवी मांडीवर ठेवून. लांबच्या पल्ल्याला मात्र हॉटेलपासून हॉटेलपर्यंत नेणारी शटल व्हॅन घ्यावी.

आतित्लान सरोवर समुद्रसपाटीपासून साधारण १,५६० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईचं शिखर त्याच्या पाण्यापेक्षा जेमतेम ऐंशी-नव्वद मीटर उंच. खोली ३०० मीटरच्या पुढे, भोवती तीन ज्वालामुखी, काठावर माया गावं, आणि बऱ्याच गावांना जाण्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘लांचा’, मोटारबोट. सकाळी पाणी आरशासारखं असतं. दुपारी ‘शोकोमील’ नावाचा वारा उठतो आणि त्याच पाण्यावर बोट आपटत जाते. अशा वेळी पुढच्या बाकावर बसलेल्या हौशी माणसाच्या कण्याची परीक्षा होते. गावातल्या बाया निमूटपणे मागच्या बाकांवर बसलेल्या असतात, त्या का ते पहिल्या लाटेला कळतं. लाइफ जॅकेट मागून घ्यावं. पैसे उतरल्यावर द्यावेत. धक्क्यावर आगाऊ पैसे गोळा करणारा बोटीचाच माणूस असेल असं नाही. संध्याकाळ झाली की नेहमीच्या फेऱ्या थांबतात, मग खास बोटीचे अवाच्या सवा पैसे पडतात. काठानं गावोगाव जाणाऱ्या पायवाटा सुंदर आहेत, पण तिथे लुटीच्या घटना वारंवार घडल्या आहेत. स्थानिक वाटाड्या बरोबर असल्याशिवाय त्या धरू नयेत.

सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी माणसाला खरी ओढ असते आकातेनांगो या ज्वालामुखीची. ३,९७६ मीटर. रात्रीचा तळ साधारण ३,६०० मीटरवर, समोर फ्वेगो हा जागता ज्वालामुखी, जो एरवी दर पंधरा-वीस मिनिटांनी गडगडतो आणि अंधारात लाल ठिणग्या उडवतो. हरिश्चंद्रगड, कळसूबाई केलेल्यांना पायांचा भरवसा असतो, आणि तो खराही असतो. तरी या उंचीवर विरळ हवा हा वेगळाच विषय आहे. शिवाय वाट भुसभुशीत राखेची. पाऊल टाकावं तसं मागे घसरतं. अँटिग्वा १,५०० मीटरवर आहे, तिथे दोन-तीन रात्री काढून मग चढावं.

थंडीला लोक सर्वांत कमी लेखतात. देश उष्ण कटिबंधातला, म्हणून पातळ जाकीट घेऊन निघतात. जानेवारी २०१७ मध्ये याच डोंगरावर सहा जण थंडीनं गारठून मेले, आणि ते परदेशी नव्हते, ग्वाटेमालाचेच होते. रात्री वाऱ्यासकट तापमान शून्याखाली जातं. घामानं भिजलेला सुती टीशर्ट तळावर पोचताच बदलायचा, कानटोपी, हातमोजे आणि जाड जाकीट हवंच. पायथ्याच्या ला सोलेदाद गावात हे सगळं भाड्यानं मिळतं. वाटाड्या नोंदणीकृत असावा, आणि त्यानं ‘आज नाही’ म्हटलं की वाद घालू नये.

तळावरून फ्वेगोच्या धारेवर जादा पैसे घेऊन नेतात. माझं मत: जाऊ नये. ३ जून २०१८ रोजी फ्वेगोनं सोडलेला तप्त राखेचा लोंढा सान मिगेल लोस लोतेस या गावावर आला आणि गाव गाडलं गेलं. शेकडो माणसं गेली, कित्येकांचे देहही मिळाले नाहीत. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या एका आलिशान गोल्फ हॉटेलनं आपली माणसं आधीच हलवली होती; गावाला वेळेवर इशारा पोचला नाही. २०२५ मध्येही मार्च आणि जूनमध्ये लोकांना हलवावं लागलं. ज्वालामुखीवर नजर ठेवणारी इन्सिवुमे ही सरकारी संस्था आणि आपत्ती निवारणाची कॉनरेद या दोघींची पत्रकं स्पॅनिशमध्ये रोज निघतात. चढाईच्या आदल्या संध्याकाळी ती फोनवर भाषांतर करून वाचायला पाच मिनिटं लागतात.

पावसाळा मे ते ऑक्टोबर. त्या दिवसांत बहुधा सकाळ स्वच्छ आणि दुपारनंतर सरी, त्यामुळे इथेही पहाटेचीच बाजू घ्यावी. कोबानकडचा डोंगराळ भाग दरडींचा. २०२० च्या नोव्हेंबरात एटा वादळात तिथलं केहा हे गाव दरडीखाली गेलं.  

पोटाचं सांगायचं तर नळाचं पाणी प्यायचं नाही, दातही त्यानं घासू नयेत. बऱ्याच खानावळींत ‘एकोफिल्त्रो’ दिसतो, मातीच्या भांड्यातून पाणी गाळणारा. १९८१ मध्ये ग्वाटेमालाच्याच एका शास्त्रज्ञानं तो तयार केला. त्यातलं पाणी बिनधास्त प्यावं. शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘कार्ने’, म्हणजे मांस, नको म्हणून भागत नाही, ताटात कोंबडी येते. कोंबडी नको, मासे नकोत, असं एकेक नाव घेऊन सांगावं, आणि ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबीशिवाय, हेही जोडावं, कारण काळा घेवडा आणि मक्याच्या पिठाचे तमाल यांत डुकराची चरबी सर्रास असते. एवढं सांगितलं की घेवडा, तळलेली केळी, ताजं चीज आणि तव्यावरच्या गरम तोर्तिया यांवर दिवस मजेत निघतात.

आता एक गोष्ट, जी सुरक्षिततेच्या याद्यांत तळाशी असते आणि जी मी वर ठेवीन. परवानगीशिवाय माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे फोटो काढू नयेत. २००० सालच्या एप्रिलमध्ये तोदोस सांतोस कुचुमातान या डोंगरातल्या गावात बाजाराच्या दिवशी जमावानं एका जपानी पर्यटकाला आणि त्याच्या बसच्या ग्वाटेमालन चालकाला ठार मारलं. परके लोक मुलं पळवायला आले आहेत, अशी अफवा त्या आधी पसरली होती. युद्धात ज्या डोंगरी गावांनी आपल्या माणसांच्या कत्तली पाहिल्या, तिथे अनोळखी माणूस मुलाकडे कॅमेरा रोखतो याचा अर्थ वेगळा लागू शकतो. पोराला गोळ्या-चॉकलेट देऊ नये, डोक्यावरून हात फिरवू नये. चिचिकास्तेनांगोच्या गुरुवार-रविवारच्या बाजारात सान्तो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर कोपाल नावाच्या राळेचा धूर चाललेला असतो. आत कॅमेरा बंद. दुकानात, व्हॅनमध्ये शिरताना ‘बुएनोस दीआस’ म्हणावं. न म्हणणारा उद्धट ठरतो, आणि उद्धट माणसाला वाटेतल्या गडबडीची खबर कुणी आपणहून देत नाही.

खबर लागतेच, कारण निषेध म्हणून महामार्ग अडवणं इथे नित्याचं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात, अध्यक्षपदी निवडून आलेल्या बेर्नार्दो आरेवालो यांना सत्तेपासून रोखण्याच्या खटपटींविरुद्ध आदिवासी संघटनांनी देशभर नाकेबंदी केली, तेव्हा प्रवासी कित्येक दिवस अडकून पडले. परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस हाताशी ठेवावा. पर्यटकांच्या मदतीचा क्रमांक १५००, तिथे इंग्रजीही चालतं; पोलीस ११०, अग्निशमन आणि रुग्णवाहिका १२२ किंवा १२३.

कागदपत्रांचं आता, कारण निम्म्या सहली तिथेच फसतात. भारतीय पासपोर्टवर व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून दिल्लीतल्या ग्वाटेमालाच्या दूतावासाकडून लेखी उत्तर घ्यावं. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या चार देशांत मिळून नव्वद दिवसांचा एकच हिशोब धरतात. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी मंडळींना ग्वाटेमाला तीन-चार तासांवर, पण एच-वन-बी वाल्यांनी पासपोर्टमधला अमेरिकी व्हिसाचा शिक्का चालू आहे ना ते पाहावं. मुदत संपलेल्या शिक्क्यावर कॅनडा-मेक्सिकोहून छोट्या सहलीनंतर परत येता येतं, ती सवलत ग्वाटेमालाला नाही. भारतातून निघणाऱ्याला अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. पनामा किंवा बोगोतामार्गे आलात आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकलंत, तर भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं कार्ड दाखवावं लागू शकतं, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यायची, तीही सरकारमान्य केंद्रातच. आणि सान साल्वादोरमार्गे जाणारं तिकीट स्वस्त दिसलं तर पैसे भरण्याआधी विमान कंपनीला विचारावं: २०२३ च्या ऑक्टोबरपासून एल साल्वादोरनं भारतीय आणि आफ्रिकी पासपोर्टवाल्यांना आपल्या विमानतळावरून जाण्यासाठी हजार डॉलर आणि वर कर, असे एकूण १,१३० डॉलर लावले.